उंबरठ्याचं आयुर्मान

आजोबांना हार घालायचा मान त्या वर्षी मालविका तोडकरकडे आला होता.

आजोबा म्हणजे कुणी माणूस नव्हे. दहिवडीच्या पुढे, माणदेशातल्या उघड्याबोडक्या माळावर अणुकेंद्रकांचा अभ्यास करणारं एक केंद्र होतं. त्याच्या तळघरात शिशाची जाडजूड पेटी होती आणि पेटीत तांदळाच्या दाण्याएवढा हाफ्नियमचा तुकडा. तोच आजोबा. सगळी मोजमापं त्याच्याशी ताडून व्हायची, म्हणून हे नाव. एरवी देवाधर्माचं नाव काढलं की नाक मुरडणारे शास्त्रज्ञ खंडेनवमीला मात्र मुकाट रांगेत उभे राहायचे. यंत्रांना हळदकुंकू, संगणकांना फुलं, आणि आजोबांच्या पेटीला झेंडूचा घसघशीत हार.

मालविकाने हार घातला, हात जोडले आणि पेढा तोंडात टाकणार इतक्यात शकील मुजावर समोर आला. मोजणीची सगळी यंत्रं तोच सांभाळायचा.

"मॅडम, पेढा नंतर. आधी हे बघा."

नव्या कारखान्यातून आलेला हाफ्नियमचा पहिला नमुना त्याने सकाळीच मोजायला लावला होता. आजोबांच्या तुलनेत उत्तर एक यायला हवं होतं. आलं होतं जवळजवळ एक पूर्णांक चार.

"लावताना काही चुकलं असेल."

"तीनदा लावलं. तिन्ही वेळा हेच."

केंद्राचे संचालक डॉ. पंचाक्षरी यांनी आकडा पाहिला आणि चष्मा कपाळावर चढवला. "नमुना बिघडलेला आहे. परत पाठवा." पंधरवड्याने दुसरा आला, तोही तसाच. "सर, हाही बिघडलेला?" मालविकाने विचारलं. "मग कारखानाच बिघडलेला असेल," पंचाक्षरी म्हणाले, आणि विषय संपला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! शास्त्रज्ञसुद्धा शेवटी माणसंच.

इथे शास्त्राचे दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अणूच्या पोटातलं केंद्रक गोटीसारखं गोल असतं असं आपण शाळेत शिकतो. ते अर्धंच खरं. काही केंद्रकं गोल असतात, काही विटीसारखी लांबोडकी, काही थापायला घेतलेल्या भाकरीसारखी चपटी. काही तर एका आकारातून दुसऱ्यात शिरू शकतात. हे आकार कुठल्याच भिंगातून दिसत नाहीत, ते ओळखायचे वेळेवरून. केंद्रकाला ऊर्जा दिली की ते उत्तेजित होतं आणि गॅमा किरण टाकून पुन्हा शांत होतं. तेवढ्या वेळाला त्या अवस्थेचं आयुर्मान म्हणतात. आकार बदलला की हे आयुर्मान बदलतं.

आजोबांच्या जातीचं हाफ्नियम एका अडनिड्या आकारात अडकून बसलेलं असतं, आतून कडी लावलेल्या खोलीत बसावं तसं. अंगात ऊर्जा खच्चून, पण बाहेर पडायला वाट नाही. क्ष-किरणांची अगदी हलकी टिचकी मारली की कडी जराशी सरकते आणि ऊर्जा थेंबथेंब झिरपते. त्या थेंबांवर हृदयाला जोडलेला पंप जन्मभर चालतो. दहा वर्षांपूर्वी याच केंद्राने असे चार हजार सेल बनवले आणि ते चार हजार माणसांच्या छातीत बसले. पण कडी किती घट्ट आहे हे बघायला जन्मभर कोण थांबणार? त्यावर पंचाक्षरींनीच युक्ती काढली होती. दाराला लागून केंद्रकाची एक अवस्था असते, तिला ते उंबरठा म्हणत. कडी घट्ट असेल तर केंद्रक उंबरठ्यावर रेंगाळतं, ढिली झाली की झटकन ओलांडतं. उंबरठ्यावरचा हा वेळ मोजला की कडीची खबर लागते. वेळ तरी केवढा? एका सेकंदाचे एक लाख कोटी भाग करा, त्यातला एक म्हणजे पिकोसेकंद. पंचाक्षरींनी तरुणपणी मोजलेला आजोबांचा आकडा होता अठरा पिकोसेकंद. केंद्रात त्याला 'सरांचा आकडा' म्हणत आणि तो पुन्हा मोजायचं कुणाच्या मनातही येत नसे. त्याच पेटीत आजोबांशेजारी बारा सेल साक्षीदार म्हणून ठेवले होते. दर सहा महिन्यांनी ते आजोबांशी ताडायचे. उत्तर दहा वर्षं एक येत होतं आणि सगळे निर्धास्त होते.

मालविकाही निर्धास्त होती. त्या चार हजारांत तिचा सख्खा भाऊ होता.

*

दिगंबर तोडकर साताऱ्यात ब्रास बँड चालवायचा आणि स्वतः क्लॅरिनेट वाजवायचा. बेचाळिसाव्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि हृदय निकामी झालं. जिना चढला तरी धाप लागायची, मग क्लॅरिनेट कुठलं? मालविकानेच त्याला सेलचा पंप बसवून घ्यायला लावला होता. पुढे सेलवाल्यांचा 'सोबती मेळावा' भरू लागला. तिथे तिला अकलूजची वर्षाराणी भेटली, खानावळ चालवणारी, तोंडाची फटकळ आणि मनाची मोकळी. तिच्याही छातीत तोच सेल. मालविकाने दोघांची गाठ घालून दिली आणि दादाचं लग्न चाळिशी उलटल्यावर लागलं. लग्नाला अर्धे वऱ्हाडी सोबतीच होते.

दिवाळीआधीच्या रविवारी मालविका साताऱ्याला गेली, तेव्हा दादा आरशासमोर नव्या गणवेशाच्या कोटाशी झटत होता.

"मालू, बटण लागंना बघ. राणीनं खाऊ घालून घालून पार ढोल केलाय माझा."

"खाताना न्हाई कळत? आन् आता बिल माझ्यावर फाडताय व्हय?" राणी स्वयंपाकघरातून म्हणाली. बाहेर येऊन तिने नवऱ्याच्या छातीवर तळवा ठेवला, बटण एका झटक्यात लावलं आणि हात तिथेच राहू दिला. "ताई, एक इचारू? ह्यांच्या छातीपाशी आताशा ऊब लागती. माझ्याबी. मी जवळ बसले की जास्तच."

"सेल आहे वहिनी. थोडी ऊब असणारच."

"मी सांगतोय तिला, ती मायेची ऊब हाय," दादा हसत म्हणाला. "हिचा इश्वास न्हाई."

जेवताना कोटावरून वडिलांचा विषय निघाला. वडील शिंपी, साताऱ्यातल्या सगळ्या बँडचे गणवेश तेच शिवायचे. दादाला त्यांचा एक किस्सा फार आवडायचा आणि घरात तो शंभरदा सांगून झाला होता.

"आप्पांची कापडी टेप एकदा भिजली आन् आटली. कुणाला पत्ता न्हाई. समद्या गिऱ्हाइकांना आप्पा म्हणायचे, सुटलास की रे! पण कोट मात्र अंगाला बेतशीर बसायचा. कसा? माणूसबी त्याच टेपेनं मोजायचं आन् कापडबी त्याच टेपेनं कापायचं! दुकानातनं मीटरनं आणलेलं कापड तेवढं दरखेपी उरायचं. गाव म्हणायचं, काय इमानदार शिंपी, उरलेलं कापड परत देतो!"

राणी खदखदून हसली. मालविकाच्या हातातला घास हातातच राहिला. माणूसही त्याच टेपेने, कापडही त्याच टेपेने. आजोबा एका पेटीत आणि साक्षीदारही त्याच पेटीत. आणि बाहेरून मीटरने आणलेलं कापड म्हणजे तो कारखान्याचा नमुना, जो आपण बिघडलेला म्हणून दोनदा परत पाठवला.

"काय गं? खडा लागला?" राणीने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. पण तिची नजर त्या दोघांवर गेली. एकाच पाटावर, खांद्याला खांदा लावून बसले होते. सहा वर्षं असेच बसत होते.

*

आजोबांशी न ताडता आयुर्मान मोजायची एक जुनी रीत आहे. ती खर्चिक आणि किचकट, म्हणून कुणी तिच्या वाटेला जात नसे. कणांना प्रचंड वेग देणाऱ्या त्वरकातून आलेला झोत पातळ पत्र्यावर आपटायचा. त्यातून ताजं केंद्रक बंदुकीच्या गोळीसारखं बाहेर उडतं आणि थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या पत्र्यात रुतून थांबतं. उडता उडता त्याने गॅमा किरण टाकला तर त्याची ऊर्जा जरा वेगळी भरते, जशी जवळ येणाऱ्या गाडीच्या भोंग्याची पट्टी वेगळी लागते. थांबल्यावर टाकला तर नेहमीची. दोन पत्र्यांमधलं अंतर कमीजास्त करत दोन्ही प्रकारचे किरण मोजायचे. वेग ठाऊक, अंतर ठाऊक, म्हणजे वेळ हाती लागतो. यात आजोबा नाही, साक्षीदार नाही आणि सरांचा आकडाही नाही.

मालविकाने आणि मुजावरने त्या मापावर मोजणीयंत्राचं घड्याळ लावून घेतलं. मग घड्याळासमोर नवा नमुना ठेवला. अठरा. मग शिशाची पेटी उघडून आजोबांना आणलं.

तेरा.

मुजावर पडद्याकडे वाकला. "मॅडम, म्हातारा आटला की हो!"

का आटला हे शोधायला त्यांनी दोन ताजे दाणे घेतले. एक साक्षीदारांच्या पेटीत ठेवला. दुसरा माळाच्या टोकाला, पाण्याच्या टाकीशेजारी राखणदाराचं रिकामं घर होतं, तिथे एकटा ठेवला. महिन्याभराने एकटा होता तो अठरावरच होता. सोबतीला ठेवलेला सतरावर आला होता. एका दाण्यातून निसटलेला किरण शेजारच्या दाण्याच्या कड्या अगदी किंचित सैल करत होता, आणि त्याच्यातून निसटलेला याच्या. कड्या जितक्या सैल तितका हा वेग वाढायचा, आणि शेवटी सगळी ऊर्जा एका झटक्यात बाहेर पडणार होती.

"ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला," मुजावर म्हणाला. त्याचं त्यालाच हसू आलं नाही.

पंचाक्षरींनी सगळे आलेख दोनदा पाहिले. मग खुर्चीत मागे रेलून ते म्हणाले, "वसंतात आढावा समिती येते आहे. तोपर्यंत थांबू या. चार हजार माणसं आहेत मालविका. असं एकदम सांगितलं तर हाहाकार उडेल."

"सर, ही माणसं मेळावे भरवतात. एकमेकांच्या गळ्यात पडतात. माझा भाऊ आणि वहिनी एकाच अंथरुणावर झोपतात. त्यांना मी वसंतापर्यंत काय सांगू?"

पंचाक्षरींनी आलेख बाजूला सारले. उठले, तळघरात गेले. मालविका मागोमाग गेली. पेटीवरचा हार केव्हाच वाळून गेला होता. पंचाक्षरींनी तो हळूच उतरवला आणि कुठे ठेवावा हे न कळून हातातच धरला.

"माझा आकडा खरा होता," ते म्हणाले. "तेव्हा खरा होता." मग म्हणाले, "मीच सांगतो. तुम्ही नका सांगू. आकडा माझा आहे."

आणि त्यांनी सांगितलं, सगळ्या देशाला, नाव-गाव न लपवता. मालविकाला त्या माणसाचा तेव्हा जितका अभिमान वाटला तितका आधी कधी वाटला नव्हता.

*

पहिले काही दिवस लोकांनी हसण्यावारी नेलं. मग एका शहरातल्या वृद्धाश्रमात ते घडलं. दोन सोबती एका खोलीत, शेजारशेजारच्या खाटांवर राहत होते. आदल्याच दिवशी कुणीतरी त्यांचे सेल मोजले होते, दोघांचाही आकडा नऊ होता. हलवू उद्या, म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीतून पांढरा लखलखाट दिसला. आवाज फारसा झालाच नाही. भिंती जागच्या जागी, भांडी जागच्या जागी, पण खोलीत माणूस म्हणून कुणी उरलं नाही. चहा घेऊन आलेली बाईसुद्धा.

त्यानंतर मात्र कुणी हसलं नाही. एसटीच्या दारात यंत्रं बसली. एक सेलवाला आत असला की दुसऱ्याने पुढच्या गाडीची वाट बघायची. मंगल कार्यालयं आधी विचारून घेऊ लागली. कालपर्यंत एकमेकांना मिठ्या मारणारे सोबती रस्त्यात समोरासमोर आले की वाट बदलू लागले. शल्यचिकित्सक रात्रंदिवस सेल काढत होते, पण त्यातही मेख होती. क्ष-किरणांखाली धरल्याशिवाय पंप काढता येत नाही, आणि बाराच्या खाली उतरलेला सेल क्ष-किरणांखाली धरायचा म्हणजे सुरुंगाला काडी लावायची. अशांना डॉक्टर हात जोडून म्हणायचे, एकटे राहा. एकट्याचा सेल खाली उतरत नाही.

मालविकाने हातात मावेल असं मोजणीचं यंत्र साताऱ्याला नेलं. छातीवर धरायचं आणि श्वास धरून बसायचं. दादाचा आकडा अकरा आला. राणीचाही अकरा.

"म्हंजे पास का नापास?" दादाने विचारलं.

मालविकाने यंत्र खाली ठेवलं. तिने सगळं सांगितलं, बारा म्हणजे काय, नऊ म्हणजे काय. सांगताना ती दोघांच्या मधल्या फरशीकडे बघत होती. राणीने ऐकून घेतलं. मग उठली आणि दादापासून सगळ्यात लांब, पायरीवर जाऊन बसली. कुणी सांगितलं नव्हतं.

"किती लांब राहावं लागंल, ताई?"

"दुसऱ्या गावात."

"आन् किती दिस?"

"ते मला माहीत नाही, वहिनी."

राणी दोन दिवसांनी अकलूजला गेली. जाताना तिने नवऱ्यासाठी लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट असे डबे भरून ठेवले आणि प्रत्येक डबा कुठल्या फळीवर आहे ते मालविकाला दोनदा सांगितलं. दादा तेव्हा कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपाशी उभा होता. ती गाडीत बसेपर्यंत त्याला घराजवळ यायची परवानगी नव्हती. परवानगी देणारी मालविकाच होती.

*

दर महिन्याला ती आधी साताऱ्याला जायची, मग अकलूजला. अकरा आणि अकरा. पुढच्या महिन्यात अकरा आणि अकरा. एकटं राहिलं की सेल टिकतो, हे कागदावर सिद्ध होत होतं. दादा वाळत चालला होता, बँडच्या सुपाऱ्या दुसऱ्यांना देत होता. क्लॅरिनेट पेटीतून बाहेर निघत नव्हतं. राणीने खानावळ पुन्हा थाटली होती, पण गिऱ्हाइकं म्हणायची, बाईच्या हातचं मीठ कुठंतरी गेलंय.

उन्हाळा लागला तेव्हा दादाच्या चेहऱ्यावर एकाएकी तकाकी आली. पेटी उघडी होती, क्लॅरिनेट पुसून ठेवलेलं होतं. मालविकाला बरं वाटलं. तिने यंत्र छातीवर धरलं.

दहा.

तिने यंत्र पिशवीत टाकलं. तडक अकलूजला गेली आणि राणीला मोजलं. दहा. एका आकड्यात चूक होऊ शकते. दोघांच्या आकड्यांत एकाच वेळी, तेवढीच चूक होत नाही. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"वहिनी, कुठे भेटता तुम्ही?"

राणी भाजी चिरत होती. विळीवरचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. "नातेपुत्याच्या पुढं एक रसवंती हाय, बंद पडल्याली. दर बेस्तरवारी. तुमी बी या आता. चोरून भेटायचं वय हाय का आमचं?"

गुरुवारी ती गेली. गंजलेल्या चरकाशेजारी बाकाच्या दोन टोकांना दोघं बसली होती, शाळेत पकडलेल्या पोरांसारखी.

"दादा, अरे तुला कळतंय का तू काय करतोयस? हा आकडा नऊवर आला की—"

"कळतंय. तूच शिकवलंस." त्याचा आवाज शांत होता. "मालू, तू मला ही छाती दिलीस. ती वाजवायला दिलीस का नुसती धडधडायला? नुसती धडधडायलाच असंल तर ती त्या तुझ्या शिशाच्या पेटीत ठिव. तिथं लई दिस टिकंल."

"मला तू हवा आहेस रे," मालविका म्हणाली आणि तिला रडू फुटलं. संशोधक बाई, पन्नाशीला आलेली, बंद रसवंतीत ढसाढसा रडली. "मी तुमची गाठ घालून दिली. मीच."

राणी उठून तिच्याजवळ आली. "त्येच एक बेस काम केलंसा, ताई. बाकी तुमच्या मशिनींचं मला कळत न्हाई." तिने पदराने मालविकाचे डोळे पुसले. "आता एकच सांगा. आमच्या पायी दुसऱ्या कुणाचा जीव जायला नको. त्या चहावाल्या बाईचं ऐकल्यापासनं माझ्या घशाखाली घास उतरत न्हाई. कुठं ऱ्हावं म्हंजे आमच्याबिगर कुणाला धग लागणार न्हाई?"

मालविकाला अशी एकच जागा माहीत होती. माळाच्या टोकाचं, टाकीशेजारचं ते रिकामं घर. एकट्या दाण्याला जिथे ठेवलं होतं तिथेच तिने त्या दोघांना ठेवलं. पंचाक्षरींनी परवानगीच्या कागदावर सही केली आणि वर मान करून बघितलं नाही.

*

घराभोवती, बऱ्याच अंतरावर तारेचं कुंपण घातलं होतं. नियम मालविकानेच केले होते. आकडा दहा असेपर्यंत आठवड्यातून एकदा आत जायचं, मोजायचं, बाहेर यायचं. तेव्हा मुजावर कुंपणाबाहेर गाडीत बसून तोच आकडा पडद्यावर बघत राहील. नऊ दिसला की त्याने हॉर्न द्यायचा आणि आत असेल त्याने जसं असेल तसं बाहेर पळायचं. त्यानंतर आत कुणी जायचं नाही. तिने हे स्वतःच्या हाताने लिहून फाटकावर टांगलं होतं.

दादा आणि राणी तिथे सुखात होती. दुसरा शब्द नाही. राणीने दारात मिरच्या आणि गवती चहा लावला. दादा संध्याकाळी टाकीच्या कठड्यावर बसून क्लॅरिनेट वाजवायचा आणि वारं असलं तर ते केंद्रापर्यंत ऐकू यायचं. मुजावर म्हणायचा, असं सलग दमसासाचं वाजवणं त्याने बँडवाल्याकडून कधी ऐकलं नव्हतं. पंचाक्षरी खिडकी उघडी ठेवून बसायचे.

भाद्रपदातल्या एका दुपारी मालविका फाटकातून आत शिरली. स्वच्छ ऊन होतं. चुलीचा वास बाहेरपर्यंत येत होता. दादाने ओसरीवर सदऱ्याची बटणं काढून ठेवलीच होती.

"ये. सरकारी पाहुणी आली गं, राणी!"

यंत्र छातीवर धरलं. आकडा जरा थरथरला आणि स्थिरावला. नऊ. आतून राणी भाकरीची टोपली घेऊन आली आणि दादाशेजारी वाकली. मालविकाच्या डोळ्यांदेखत तो आकडा आठ झाला. राणी चुलीकडे वळली, पण आकडा परत वर आला नाही.

"किती गं?" दादाने विचारलं.

पंचवीस वर्षं तिने आकडे मोजले होते. त्यातला एकही कुणाच्या भिडेखातर इकडचा तिकडे केला नव्हता. त्यापायी भावाचा संसार मोडला होता.

"दहा," ती म्हणाली. "आहे तेवढाच आहे."

दादाने तिच्याकडे पाहिलं. लहानपणी ती खोटं बोलली की त्याला लगेच कळायचं. बटणं लावता लावता त्याने फाटकाकडे हात केला. "मोजून झालं न्हवं? मग जा तू आता, मालू. तिकडं मुजावर वाट बघत असंल."

कुंपणापाशी हॉर्न वाजला. एकदा, मग दोनदा.

मालविकाने यंत्र बंद करून ओसरीच्या कोपऱ्यात ठेवलं, चप्पल काढली आणि हात धुतले. "वहिनी, पिठलं केलंय ना? मलाही वाढा. भूक लागलीय."

राणी तवा उतरवता उतरवता थांबली. नवऱ्याकडे पाहिलं, नणंदेकडे पाहिलं, बाहेरचा तो हॉर्न ऐकला. मग तिने फळीवरून तिसरं ताट काढलं, पदराने पुसलं आणि तिच्यापुढे ठेवलं. गरम भाकरी वाढली आणि दादाशेजारी, रोजच्या जागी, खांद्याला खांदा लावून बसली.

हॉर्न आता थांबत नव्हता. मालविकाने भाकरीचा तुकडा मोडला.